वहिनींचा समुद्र आणि भटजींचा आवाज

समुद्रावरच्या सुट्टीबद्दल लिहितोय म्हटल्यावर तुम्ही मनातल्या मनात चपला काढून वाळूत उभे राहिला असाल. घाला परत. ही सुट्टी मी बहुतेक एका खोलीत काढलीय, खिडकीला चादर बांधून. समुद्र होता. ऐकू येत होता, शेजारच्या घरातला टीव्ही येतो तसा.

निघालो होतो वहिनींसाठी. वहिनी सोलापूरच्या. लग्न करून म्हैसूरला आल्या, पण समुद्र त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. पाचव्या महिन्यात त्यांना डोहाळे लागले ते चिंचा-कैऱ्यांचे नाहीत, समुद्रात उभं राहायचे. आमच्या घरात काय वाट्टेल ते अडतं, पण डोहाळे अडत नाहीत. आईनेच दादाच्या मागे लकडा लावला. दादाने फोनवरून घर ठरवलं. माडांच्या पलीकडे थेट पाणी, आसपास ना हॉटेल ना भेळेची गाडी. "अख्खं घर आपल्यालाच, दुसरं कुणी नाही!" असं म्हैसुरातल्या आमच्या कुवेंपुनगरभर सांगत फिरला. दुसरं कुणी का नाही, हे विचारायचं आम्हा कुणाला सुचलं नाही. आईला ते वाटेत गाडीत कळलं, मावशीचा फोन आल्यावर. उद्या सूर्यग्रहण.

पोचलो तेव्हा अंधार पडला होता, म्हणून समुद्र सकाळवर गेला. सकाळी आईने दाराला आतून कडी घातली.

"वेध लागलेत. अकराला ग्रहण लागतं, दोनला सुटतं. तोवर सुम्ने, गप्प बसायचं सगळ्यांनी."

"आणि अडीचला गाडी निघणार," दादा म्हणाला. त्याला दुसऱ्या दिवशी ऑफिस होतं. एवढं बोलून तो भिंतीकडे तोंड करून झोपला.

वहिनींना वेगळे नियम. सुरीला हात लावायचा नाही, सुईला नाही, बोटं मोडायची नाहीत, कूस वळायची नाही. सरळ उताणं पडायचं. नाहीतर बाळाला खोट येते, असं आई म्हणायची. तीही बिचारी घाबरलेलीच होती, दर दोन मिनिटांनी चादरीची गाठ तपासत होती.

"भावजी," वहिनी छताकडे बघत म्हणाल्या, "लाट आली की नेमकं काय होतं हो?"

मी समुद्र एकदाच पाहिलेला, पिरियापट्टणला शाळेत असताना, सहलीत. मग मी करून दाखवलं. आधी लांबून येणारी लाट, मग वाळूतली सळसळ, मग तिरका पळणारा खेकडा. शेवटी आमचे हेडमास्तर, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून "लाइन सोडू नका!" ओरडताना लाटेने आडवे झालेले. वहिनी इतक्या हसल्या की पोट धरून वळायला गेल्या.

"वळू नकोस!" आई ओरडली.

वहिनी सरळ झाल्या. मग हसणं थांबलं आणि डोळे वाहायला लागले. उताण्या माणसाचं पाणी थेट कानात जातं, आणि पुसायला मान वळवायची चोरी. मला बघवेना.

"पोटात कळ आलीय," म्हणून मी मागच्या दाराने निघालो. संडास अंगणात होता, त्यामुळे आईचा इलाज नव्हता. अंगणापलीकडे राहणाऱ्या घरमालकांचा फोन मागून घेतला आणि आईला लावला. आमच्या भटजींचा आवाज मी घरी रोज काढतो. आधी दोनदा खाकरायचं, मग तपकीर ओढल्यासारखं नाक.

"हॅलो अम्मा, मी भटजी. हा दुसऱ्याचा फोन आहे. तुम्ही समुद्रावर गेलात म्हणून बहिणीने कळवलं तुमच्या. तिकडे ग्रहण दिसत नाही. जे दिसत नाही ते पाळायचं नाही. गोत्तायता? कळलं ना? सुनेला मोकळं सोडा."

आत आई "बरं गुरुजी, बरं गुरुजी" म्हणत होती. मी परत गेलो तर कडी निघालेली आणि आई तांदूळ धुवायला बसलेली. तिच्या चेहऱ्यावरचं ओझं उतरलं होतं, हे खरं सांगतो.

मी आणि वहिनी गेलो. किनाऱ्यावर पावलाचा एक ठसा नव्हता. वहिनी साडी धरून घोट्याएवढ्या पाण्यात गेल्या, मग गुडघ्याएवढ्या. लाट आली की "अगं आई गं!" ओरडायच्या, आणि परत पुढे. किती वेळ गेला कळलं नाही. ऊन फिकं झालं तेव्हा मला वाटलं ढग आला.

परतताना झाडांखालून चाललो होतो. पानांतून उन्हाचे कवडसे पडतात ना, गोल गोल? त्या दिवशी ते गोल नव्हते. ग्रहण लागलेल्या सूर्याच्या शेकडो बारीक कोयत्या पडल्या होत्या, वाळूवर, माझ्या हातावर, वहिनींच्या पोटावर. वहिनींनी खाली पाहिलं आणि पदर ओढून पोट झाकलं. कोयत्या पदरावर आल्या.

समोरून आई अनवाणी धावत येत होती. नैवेद्य दाखवू का, हे विचारायला तिने भटजींना फोन केला होता. फोन त्यांच्या बायकोने उचलला. "ते पहाटेपासून जपाला बसलेत, फोनला हात लावलेला नाही."

"मंगा! माकडा!" आईने माझी कॉलर धरली. "पोटुशी बाई आहे रे! तिच्याशी खेळ?" वहिनींना मात्र काही बोलली नाही. त्यांना खोलीत नेऊन सरळ झोपवलं आणि दोनपर्यंत उशाशी बसून राहिली. अडीचला गाडी म्हैसूरला निघाली.

दुसऱ्या दिवशी वहिनी गच्चीवर ती साडी वाळत घालत होत्या. मी गेलो, खाकरलो, नाक ओढलं.

"पुरे," वहिनी म्हणाल्या. "भावजी, मला विचारलंत? ग्रहण आहे, तरी येता का, असं एकदा विचारायचं होतं. आले असते, नसते आले, माझं मी ठरवलं असतं. आईंनी मला खोलीत कोंडलं, तुम्ही मला न सांगता बाहेर काढलंत, फरक काय? आता चार महिने आई माझ्या पोटाकडे बघणार. मी मानत नाही म्हटलं तरी मीही बघणार. तासभर बाळ हललं नाही तर रात्री कुणाचा आवाज काढून माझी समजूत घालणार आहात तुम्ही? हसताय काय? जा खाली."