दोनशे विती

आमच्या भागाची हद्द मोठ्या माणसांनी आखली असं शाळेच्या पुस्तकात लिहिलंय. खाली तिघांचा फोटो आहे, तिघेही खुर्चीत बसलेले. ज्याने ती हद्द उभ्या उन्हात, काट्याकुट्यांतून, तळव्यांना फोड येईपर्यंत ओढत नेली, त्याचा फोटो नाही. तो माझ्यापासून चौथ्या घरात राहतो. गाव त्याला साखळीतात्या म्हणतं.

तात्या म्हणजे उभा राग. चौसष्टाव्या वर्षीही ताठ, हातांचे पंजे फावड्यासारखे, आणि कपाळावर आठ्या अशा की जणू कुणी नांगर फिरवलाय. तो उगाच रागावत नाही. त्याचा राग जमिनीतल्या निखाऱ्यासारखा. वर राख दिसते, पाय ठेवला की कळतं.

आमचा मुलूख पहिल्यापासून सरमिसळ. आईला एका भाषेत हाक मारायची, बाजारात दुसरीत घासाघीस करायची, देवापुढे तिसरी बोलायची. शिवी मात्र ज्याला द्यायची त्याच्या भाषेत, म्हणजे त्याला नीट पोहोचते. तात्याला चारही भाषांतल्या शिव्या येतात. तुम्ही कोण, असं आम्हाला कुणी विचारत नव्हतं. विचारलंच तर आम्ही गल्ली सांगायचो. मग किल्ल्यातलं राज्य गेलं, दूरच्या साहेबांचं आलं, तेही जायला निघालं, आणि जाता जाता त्यांनी ठरवलं की या मुलखाचे दोन भाग करायचे. हुकूम दोन ओळींचा होता. जुन्या पुलापासून सरळ दोनशे साखळ्या मोजा, तिथे आडवी रेघ मारा. तिथवरचं पुलाकडच्यांचं, पुढचं पलीकडच्यांचं.

साखळी म्हणजे मोजणीची साखळी. लोखंडाच्या शंभर दांड्या, मधे कड्या, दोन्ही टोकांना पितळी मुठी. ताणली की सहासष्ट फूट भरते. एक टोक पुढचा माणूस धरतो, एक मागचा. तात्या तेव्हा तेविशीतला, पुढचं टोक त्याचं. मोजणीचा नियम असा, की रोज सकाळी कामाला निघण्याआधी साखळी कचेरीच्या दगडी ओट्यावर ताणायची. तिथे सहासष्ट फुटांवर पितळेच्या दोन खुंट्या ठोकलेल्या असतात. कारण साखळी झिजते. कड्या घासतात, तोंडं उघडतात, आणि केसाकेसाने ती लांब होत जाते. लांब झालेली साखळी खोटं बोलते, आणि बोलताना तिचा आवाज खऱ्या साखळीसारखाच येतो.

हद्दीच्या कामात तपासणी झालीच नाही. मोजणीसाहेबाला घाई. वरच्यांची परत जायची तारीख ठरलेली. जुनी, दहा वर्षं वापरातली साखळी उचलली आणि निघाले.

एकशे नव्व्याण्णव साखळ्या झाल्या तेव्हा ते ओढ्याकाठच्या वस्तीपाशी आले. अकरा घरांची एक ओळ. त्यातलं एक तात्याच्या थोरल्या बहिणीचं, आक्काचं. मागच्या बाजूला शंभर पावलांवर आमचं गाव, आणि गावातलं पहिलं घर तात्याचं. आक्काच्या उंबऱ्यापासून तिच्या विहिरीच्या कठड्यापर्यंत बरोबर एक साखळी भरते, हे तात्याला पाठ होतं. शिकाऊ असताना त्यानेच नव्या साखळीने हौसेने मोजलं होतं. त्या दिवशी मन खात होतं म्हणून त्याने वाटेत थांबून साखळी उंबऱ्याला लावली. मूठ कठड्याच्या पुढे गेली. एक वीत.

"साहेब, साखळी वाढलीय."

"वाढलीय? ती काय भोपळ्याचा वेल आहे?"

"मग विहीर अलीकडे सरकली म्हणायची, साहेब. दोन्हींतलं एक काहीतरी झालंय."

मोजणीसाहेब हसला, मग हसायचा थांबला. "एका वितीसाठी दोनशे साखळ्या परत मोजू? तुझ्या बापाने ठेवलाय का वेळ? ओढ."

दारात उभी राहून आक्का ऐकत होती. तात्याने तिच्याकडे पाहिलं नाही. त्याने ओढली.

एक वीत म्हणजे काहीच नाही. पण दर साखळीला एक, अशा दोनशे विती म्हणजे दीडशे फूट. जी रेघ वस्तीच्या अलीकडे, ओढ्याच्या काठाने पडायची, ती वस्तीच्या मागे पडली, तात्याच्या कुंपणाला चिकटून. खुणेचा दगड रोवला. दगडाखाली नियमाप्रमाणे कोळसा आणि खापरं पुरली, म्हणजे पुढे कुणी दगड हलवला तरी खरी जागा कळावी. खरी जागा! तात्या आजही हा शब्द आला की थुंकतो.

आठवड्याने कचेरी रिकामी झाली. टेबलं, कपाटं, पाटीसकट सगळं गाडीत गेलं. साखळी तेवढी ओट्यावर पडून राहिली. जाण्याआधी तात्याने मोजणीसाहेबाला ती पितळी खुंट्यांवर ताणून दाखवली होती. तो एवढंच म्हणाला, "नकाशा वर गेला." तात्याने साखळी गोणपाटात बांधली आणि घरी आणून आढ्याला टांगली. एकेचाळीस वर्षं.

तेव्हाच का नाही बोलला, असं लोक विचारतात. कारण तेव्हा ती रेघ कुणाला दिसतच नव्हती. आक्काच्या कोंबड्या रोज दोनदा परदेशात जाऊन येत. तात्याची बायको लवकर गेली, आक्काचा नवराही गेला. तेव्हापासून तात्या दिवसाचं एक जेवण आक्काकडे जेवायचा. जाताना लाकडं न्यायचा, पाणी शेंदून द्यायचा, आणि बोलणी खाऊन यायचा. एवढंच त्याचं घर उरलं होतं.

मग रेघेला हळूहळू अंग फुटलं. आधी पाटी आली. मग चौकी. मग दोन्हीकडच्या शाळांत पोरांना शिकवलं की पलीकडचे कसे वाईट. मग एका वर्षी दगडापाशी दगडफेक झाली, गोळी सुटली, आणि दोन पोरं मेली, एक इकडचं, एक तिकडचं. दोन्हीकडे चौथरे बांधले. दोन्हींवर लिहिलं, की तसूभर जमीन सोडणार नाही. तात्या आमच्या चौथऱ्यापुढे उभा राहून म्हणाला होता, "तसूचं सोडा, वितीचं बोला." कुणाला काही कळलं नाही.

गेल्या उन्हाळ्यात दवंडी आली. रेघेवर तारेचं कुंपण होणार. दोन माणसं उंच, वर काटे. जायचं-यायचं फाटक एकच, अडीच मैलांवर, सडकेपाशी.

आक्काने ताट वाढता वाढता विचारलं, "मग आता रे?"

"बघतो काहीतरी."

"तू काय बघणार! तू ओढणारा. माझ्या दारात, माझ्या डोळ्यांदेखत ओढलीस. तेव्हा साखळी टाकून म्हणायचं होतंस, नाही ओढत जा. काय केलं असतं त्याने, खाल्लं असतं तुला?"

"आक्का, तेवीस वर्षांचा होतो मी."

"आणि मी सव्वीसची. मी बोलले असते. मला कुणी साखळी दिली नाही म्हणून." तिने ताटात वाढताना डाव असा आपटला की मांजर पळालं. "जेव. रडतोस कशाला, मीठ जास्त होईल."

दुसऱ्या दिवशी तात्याने आढ्यावरून साखळी काढली. गोणपाट खांद्यावर घेऊन पुलापाशी गेला. जुनी कचेरी आता पुलाकडच्यांची, वर त्यांचं निशाण. पण ओटा तोच. तात्याने खाली बसून नखाने माती खरवडली. पितळेच्या खुंट्या तशाच होत्या. कचेरीच्या शिपायाला म्हणाला, "एक टोक धर बाबा, पुण्य लागेल." शिपायाने गंमत म्हणून धरलं. साखळी ताणली. लोक जमले. दुसरी मूठ खुंटीच्या पुढे गेली. कुणीतरी वीत टेकवून पाहिली. बरोबर एक.

आतून साहेब बाहेर आले. शिकलेला, शांत माणूस. तात्याने सगळं सांगितलं. त्यांनी मधे तोडलं नाही.

"आजोबा, खरं असेलही," ते म्हणाले. "पण आमचं यंत्र आता आकाशातून मोजतं. केसाचाही फरक पडत नाही."

"मोजतं कुठून?"

"जुन्या नकाशावरून."

"आणि नकाशा कुठून आला?" तात्याने साखळी वर उचलली. "हिच्यातून. तुमचं यंत्र केसाचा फरक न करता आमची चूक मोजतंय, साहेब."

साहेबांनी साखळीची मूठ हातात घेऊन पाहिली. मग हळू म्हणाले, "या रेघेवर पोरं मेलीत. आता ती चुकीची होती म्हटलं, तर त्यांच्या आयांना मी काय सांगू?"

"तेच सांगा! कडी झिजली होती म्हणून मेली. साहेबाला घाई होती म्हणून मेली. मी तोंड मिटून ओढली म्हणून मेली. सांगा ना! त्यांना खरं ऐकायचा हक्क नाही? दर वर्षी हार घालता त्यांच्या फोटोंना, एकदा खरं घाला!"

साहेबांनी मान खाली घातली. वर केली तेव्हा ते पुन्हा साहेब झाले होते.

"ही साखळी सरकारी मालमत्ता दिसते. तुमच्याकडे कशी?"

"कुठल्या सरकारची? ते सरकार मेलं. मेलेल्याची फिर्याद कोण देतंय?"

पण साखळी ठेवून घेतली. तात्याला पोचपावती दिली. 'लोखंडी साखळी, जुनी, एक.' लांबीचा रकाना कोरा.

ही बातमी आमच्या गावात त्याच्याआधी पोहोचली. आमच्याकडचा पुढारी, गाव ज्याला कर्णा म्हणतं, तो तात्याची वाट बघत पारावर बसला होता. "तात्या, शाबास! दीडशे फूट आपले! वस्ती आपली! मोर्चा काढू. आक्का परत आपल्यात येणार."

"आक्का गेली होती कुठे?"

"अहो, म्हणजे त्यांच्यात..."

"ती तिच्या घरात आहे. चाळीस वर्षं तिथेच आहे. गेली ती रेघ. मला दीडशे फूट नकोत रे. मला ते कुंपण नको."

पण कर्ण्याला आवाज असतो, कान नसतात. तिसऱ्या दिवशी सभा भरली. व्यासपीठावर हार घातलेली एक साखळी लटकवली होती. 'हीच ती पुराव्याची साखळी,' कर्णा गरजला. आम्ही टाळ्या वाजवल्या. लपवून काय करू, मीही वाजवल्या. तेवढ्यात तात्या मागून उठला.

"ए! ती गोठ्यातली आहे. म्हशीची. शेण तरी पुसायचं होतंस!"

काही जण हसले. मग कुणीतरी ओरडलं, "म्हातारा त्यांचा माणूस आहे!" "विचारा, जेवतो कुठे रोज!" एक ढेकूळ आलं, तात्याच्या खांद्यावर फुटलं. त्याने ते झटकलं नाही. तो सगळ्यांकडे पाहत राहिला, एकेकाच्या तोंडाकडे, मोजल्यासारखा. माझ्याकडेही पाहिलं त्याने. ती नजर मी अजून विसरलेलो नाही.

सभेचा परिणाम एवढाच झाला, की पावसाळ्यानंतर यायचं कुंपण महिन्याभरात आलं, आणि एकटं नाही, बंदुका घेऊन आलं. अकरा दिवसांत तार तात्याच्या परड्यामागून गेली. शेवटचा खांब रोवला तेव्हा आक्का पलीकडे कमरेवर हात ठेवून उभी होती. खांब रोवणाऱ्यांना म्हणाली, "खोल रोवा रे. माझ्या भावाचं काम कच्चं असतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी तात्या काठी घेऊन निघाला. आक्काचं दार समोर शंभर पावलांवर दिसत होतं. त्याने त्याकडे पाठ केली आणि तारेच्या कडेने फाटकाकडे चालू लागला. अडीच मैल. फाटकातून पलीकडे, आणि पुन्हा अडीच मैल उलटे. पोहोचला तेव्हा ऊन डोक्यावर होतं.

"काखेत कळसा," आक्का म्हणाली, आणि वळशाचं न बोलता पाट मांडला.

तो रोज जातो. वाटेत मोठ्याने शिव्या देतो, पहिल्या मैलाला एक भाषा, दुसऱ्याला दुसरी. पाय सुजतात. आक्का तारेतून ओरडते, "आज नको रे येऊस, मी काय मरत नाही." तो ऐकत नाही. तो फाटकाकडे पाठमोरा निघाला की ती चूल पेटवायची वेळ मोजायला लागते.

फाटकावर वही आहे. पहिल्या दिवशी शिपायाने विचारलं, "काम?"

"बहिणीकडे जेवायला."

त्याने लिहिलं आणि वही मिटायला गेला. तात्याने काठी वहीवर ठेवली.

"पुढे लिही. घर ते घर अंतर शंभर पावलं. मोजणीची साखळी एक वीत वाढलेली होती."

"हे कशाला?"

"लिहू नको असा नियम आहे?"

शिपायाने नियमांचा कागद वरून खालपर्यंत पाहिला. नव्हता.

आता चार महिने झाले. शिपाई बदलतात, वही भरली की नवी येते. तात्याला वाचता येत नाही, म्हणून लिहिलेलं तो मोठ्याने वाचून दाखवायला लावतो. एक शब्द गाळला तर खोडून पुन्हा लिहायला लावतो. मागे रांग तुंबते. बायका कुरकुरतात, गाडीवाले भोंगे वाजवतात. परवा मीच रांगेत होतो. म्हटलं, "तात्या, लोक खोळंबलेत."

त्याने वळून मला ओळखलं. सभेतलं ओळखलं.

"खोळंबू दे," म्हणाला, आणि शिपायाकडे वळला. "हं, वाच. पहिल्यापासून."