मंजुरीचा डावा हात

श्रीगोंद्यातले आमचे शेजारी पेसमेकर बसवून आले, ते थेट त्याचे इंजिनिअर होऊनच. येणाऱ्याजाणाऱ्याला ओट्यावर बसवून सांगायचे, "वायर लई भारी हाय. टोकाला स्क्रू, त्यो काळजात फिरवून बसवलाय. आत तारेची स्प्रिंग, वरून सिलिकॉन. कितीबी वाकू द्या, तुटायची न्हाई." डॉक्टरांनी फक्त एवढंच बजावलं होतं, की ते टोक आत नीट धरेपर्यंत डावा हात खांद्याच्या वर न्यायचा नाही.

तेवढ्यात साखर कारखान्याची वार्षिक सभा आली. हात वर करून 'मंजूर' ओरडण्यात यांचा कायम पहिला नंबर. उजव्या हातातल्या मोबाईलवर व्हिडिओ चालू होता, म्हणून प्रत्येक ठरावाला डावा वर जात राहिला. वायर जागची सुटली आणि हे घेरी येऊन खुर्चीतच लवंडले.

दुसऱ्या ऑपरेशननंतर मी भेटायला गेलो.

"डिझाईनच चुकलंय वायरचं," ते म्हणाले.

खरंच आहे. ठोक्याठोक्याला वाकणारी तार बनवली, पण त्या शहाण्यांनी सहकार काही विचारात घेतला नाही.

"काका, ठराव कसले होते?"

"कुनाला म्हाईत? सगळ्यांनी हात वर केले, मीबी केला."