बालविभाग, बुधवार मजला

आमच्या खालच्या मजल्यावरच्या बाईंना सगळे ‘सजावट’ म्हणतात. तोंडावर नाही, पण त्यांना ते ठाऊक आहे, आणि मनातून आवडतंही. एका मोठ्या इस्पितळाच्या प्रशिक्षण विभागात त्या ऑनलाइन कोर्स तयार करतात. म्हणजे साहेब लोक जे काही खरडून देतात, ते नटवून-थटवून पडद्यावर आणतात. तक्ता हा त्यांचा जीव की प्राण. घरीसुद्धा फ्रिजवर एक आहे: भांडी कोणी कधी घासायची. नवऱ्याचे चौकोन लाल, आणि तक्ता लांबून पाहिला तर गोवर आल्यासारखा दिसतो.

हा नवरा लिफ्ट दुरुस्त करतो. त्याचं टोपणनाव ‘तार’, कारण शब्दामागे पैसे पडत असल्यासारखा तो बोलतो. “चहा घेणार का?” “अर्धा.” एवढ्यावर त्याचा सकाळचा संसार उरकतो. स्वभावाने गरीब, पण त्याच्याकडून एखादी बातमी काढायची म्हणजे विहिरीतून गाळ काढण्याइतकं काम.

त्याची थोरली बहीण त्यांच्याचकडे राहते. मुलांची आत्या, म्हणून सगळ्या इमारतीची आत्या. जन्मापासून आंधळी. कोणी ‘दृष्टिहीन’ वगैरे म्हणायला लागलं की म्हणते, “मला काहीही म्हणा, पण जिन्यातली ती सायकल हलवा.” ती त्याच इस्पितळात टेलिफोनवर होती. एका ‘हॅलो’वरून माणूस ओळखायची आणि मोठमोठ्या डॉक्टरांना “आज घरून भांडून आलात वाटतं” असं खुशाल विचारायची. डॉक्टर रागावायचे, कारण बहुतेक वेळा ते खरं असायचं.

मग टेलिफोनची खोली बंद झाली. फोन यंत्र उचलू लागलं. आत्यापुढे दोनच वाटा उरल्या. इस्पितळाचा ऑनलाइन कोर्स करून परीक्षा पास झाली तर चौकशीची खिडकी. नाहीतर तळघरात चादरींच्या घड्या. परीक्षेला दोनदा बसता येणार होतं.

“चादरी बोलत नाहीत गं,” आत्या मला म्हणाली. “मी तिथे महिनाभरात मरेन, आणि त्यातल्याच एकीत मला गुंडाळतील.”

कोर्स तयार केला होता सजावटबाईंनी. त्याचा गाभा एक तक्ता: कोणता विभाग, कोणत्या दिवशी, कोणत्या मजल्यावर. वरची ओळ जांभळी. विभागाचं नाव तीन-तीन ओळींची घरं जोडून मधोमध, मोठ्या अक्षरात. चालू दिवस हिरवे, बंद दिवस लाल. साहेबांनी बघताक्षणी ‘वा’ म्हटलं. साहेबांना तक्ते बघायला आवडतात. वाचायची त्यांना सवय नाही.

आत्या संगणक कानांनी वापरते. पडद्यावर जे असेल ते तिचा स्क्रीन रीडर बोलून दाखवतो. तिने त्याला ‘पोपट’ नाव ठेवलंय आणि त्याला इतक्या वेगाने पळवते की आपल्याला डब्यात भुंगा अडकल्यासारखं वाटतं. त्या पोपटाच्या भरवशावर ती पहिल्या परीक्षेला बसली आणि सपशेल आपटली. रिकाम्या जागा भरायच्या होत्या. एका ठिकाणी तिने भरलं होतं: बालविभाग बुधवार मजल्यावर आहे.

साहेबांनी ते बैठकीत मोठ्याने वाचलं. सगळे हसले. सजावटबाईही हसल्या. आणि इस्पितळातल्या भिंतींना कान असोत-नसोत, आत्याला ते जेवणाच्या सुट्टीच्या आत कळलं.

त्या घरात भांडणाची एक ठरलेली रीत आहे. नणंद-भावजय एकमेकींशी बोलायचं बंद करतात आणि सगळा कारभार तारेमार्फत चालतो. आत्या गॅलरीच्या टोकाला, भावजय स्वयंपाकघरात, आणि मधल्या बोळातून तार निरोप वाहतो. मी त्या संध्याकाळी चाळणी परत द्यायला गेले होते आणि खरं सांगायचं तर मुद्दाम रेंगाळले.

दुसरी परीक्षा सोमवारी होती. आत्याने भावाला जवळ बोलावून बराच वेळ काहीतरी समजावलं. तो स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला.

“रिकामं,” तो म्हणाला.

“काय रिकामं?” सजावटबाईंनी पळी खाली ठेवली.

“मग बुधवार.”

“बुधवारी काय?”

“दोन.”

“अहो, दोन काय? दोन पोळ्या? दोन पाहुणे?”

तार थोडा विचार करून म्हणाला, “परत रिकामं.”

बाईंचा तोल सुटला. “काय रिकामं, कशाचे दोन, कोणाचा बुधवार? याला काही आगापिछा आहे का? माणसाला कळायचं तरी कसं?”

गॅलरीच्या टोकाकडून आत्याचं हसू ऐकू आलं. खदाखदा, खुर्ची करकरेपर्यंत. भिंतीला हात लावत ती बोळातून आली.

“अरे गाढवा,” ती आधी भावाला म्हणाली, “मी तुला एवढं मोठं सांगितलं, त्यातले चारच शब्द आणलेस?” मग भावजयीकडे वळली. “पण बरं झालं. ऐकलंस ना? तुझा तक्ता मला अस्सा ऐकू येतो. रिकामं. बुधवार. दोन.”

सजावटबाई जागच्या जागी थांबल्या. “पण वन्सं, वरच्या ओळीत लिहिलंय ना, वार, मजला... चांगली ठळक केलीय. जांभळी!”

“जांभळं कसं ऐकू येतं गं? आंबट?”

“म्हणजे ती ओळ शीर्षकांची आहे हे त्या पोपटाला...”

“त्याला कोणी सांगितलंय का? तू रंगवलीस, सांगितलं नाहीस. नुसतं ‘दोन’ म्हणतो. दोन काय ते मी ओळखायचं. आणि विभागाचं नाव पहिल्या ओळीत एकदा म्हणतो, पुढे तीच घरं रिकामी. बंद दिवस तर लाल. लाल म्हणजे माझ्या कानात नुसती शांतता.”

बैठकीत आपण हसलो, हे सजावटबाईंना तेव्हा आठवलं असावं, कारण त्यांनी गॅस बंद केला आणि हात पुसून सरळ संगणक उघडला. भाजी अर्धी कच्ची राहिली. तारेने ती तशीच खाल्ली.

पहिला प्रयत्न फसला, आणि फसला तो त्यांच्या स्वभावाला धरूनच. पोपटाला कळणारी शीर्षकाची खूण करायचीच, तर कंजुषी कशाला म्हणून बाईंनी तक्त्यातल्या प्रत्येक घराला ती करून टाकली. पोपट एकेका आकड्याआधी विभाग, वार, मजला, शेजारी-पाजारी सगळ्यांची नावं घेऊ लागला.

“अगं, हा तर वरातीतल्या बँडसारखा थांबेचना!” आत्या कान झाकून ओरडली.

मग बाईंनी दम खाल्ला. शीर्षकाची खूण फक्त वरच्या ओळीला आणि डावीकडच्या विभागांच्या रांगेला ठेवली. जोडलेली घरं सोडवली आणि विभागाचं नाव प्रत्येक ओळीत पुन्हा लिहिलं. लाल चौकोनात ‘बंद’ असा शब्द घातला. तक्त्याच्या डोक्यावर, आत काय आहे ते एका वाक्यात लिहिलं. शेवटी पडद्यावर टॉवेल टाकला आणि फक्त बाणाच्या कळा दाबत ऐकलं. “बालविभाग. वार, बुधवार. मजला, दोन.” आत्या म्हणाली, “चला, मुलं एकदाची खऱ्या मजल्यावर आली.”

दुसऱ्या दिवशी साहेबांनी तक्ता बघून नाक मुरडलं. तीच-तीच नावं पुन्हा का, विचारलं. बाई म्हणाल्या, “साहेब, तुम्ही तो वाचलात?” साहेबांना लगेच दुसरी बैठक आठवली.

सोमवारी सजावटबाईंना परीक्षेच्या खोलीत जायची परवानगी नव्हती, म्हणून त्या रजा टाकून घरी बसल्या होत्या आणि मला बसवून ठेवलं होतं. बहिणीला न्यायला-आणायला तार गेला होता. दुपारी तो एकटाच जिना चढून आला. आत्या खालीच राहिली होती, त्या सायकलच्या मालकाला गाठून. तार दारात उभा राहिला.

“झाली,” तो म्हणाला.

“काय झाली?” बाई किंचाळल्या. “परीक्षा झाली, नापास झाली, काय झाली?”

तारेने चपला काढल्या. छातीभर श्वास घेतला. त्याचे कान लाल झाले होते.

“कोण: ताई,” तो एकेक शब्द ठेवत म्हणाला. “कशात: परीक्षेत. काय: पास.”

लग्नानंतर त्याने सलग केलेलं ते सर्वांत मोठं भाषण. बाईंनी त्याच्याकडे पुरतं बघितलंही नाही. त्या कठड्यावरून खाली वाकल्या आणि सगळ्या जिन्याला ऐकू जाईल अशा आवाजात, मध्ये कोणालाही न घालता ओरडल्या, “वन्सं! बालविभाग कुठे?”

खालून, सायकलवाल्याला झापता झापता, उत्तर आलं, “बुधवारी दुसरा मजला! आणि तू आधी भाजी शिजव!”