शेंडी न काढलेला नारळ

माझी सून नाटकात कानबाई फोडून खाणार आहे, ही बातमी जळगावहून धुळ्याला गेली आणि धुळ्याहून परत माझ्याकडे आली. मला घरात बसून काही माहीत नव्हतं. एका सकाळी माझे जेठ, म्हणजे आमच्या मालकांचे थोरले भाऊ, धुळ्याहून पहिल्या एसटीने आले. सगळे त्यांना नाना म्हणत. ते ओट्यावर बसले, पाण्याच्या तांब्याला हात लावला नाही आणि म्हणाले, "हाई खरं शे का?"

मी म्हटलं, "काय ते?"

"तुझी सून स्टेजवर कानबाई मांडणार, आणि शेवटी फोडून खाणार."

सून मोरीत होती. तिला विचारलं तर तिने आतूनच सांगितलं, "हो आई, तसंच आहे नाटकात. कपडे धुऊन झाले की सांगते."

नानांनी तेवढंच ऐकलं आणि उठले. जाताना म्हणाले, "तसं झालं तर यंदा तुमच्या घरची मूठ धरणार नाही." एवढं बोलून त्यांनी पुढची एसटी गाठली.

मूठ धरणार नाही म्हणजे काय, ते आमच्याकडच्या माणसाला सांगावं लागत नाही. श्रावणात कानबाई बसते. नारळाला नथ, डोळे, कुंकू करून चौरंगावर कलशावर बसवतात, ती कानबाई. तिच्यापुढे रोट होतात, गव्हाच्या जाड गोड पोळ्या. त्या रोटांसाठी भाऊबंदकीतल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू काढतात, म्हाताऱ्यापासून पाळण्यातल्या पोरापर्यंत. ज्याच्या नावाची मूठ, तो घरचा. ते रोट घरच्यांनीच खायचे, बाहेरच्याला कण द्यायचा नाही. लग्न झालेल्या लेकीलासुद्धा नाही. आमच्यात कानबाई नानांच्या घरी बसे आणि मुठी नाना काढत. माझे मालक वारले तेव्हा त्यांची मूठ गेली, माझ्या मुलाची राहिली. त्या वर्षी माझा नातू सहा महिन्यांचा होता. श्रावणात त्याची पहिली मूठ पडायची होती. ती पडली नाही तर पोराचं काही वाईट होईल असं मला वाटत नव्हतं. पण पोराला भाऊबंदकी राहणार नाही, हे मला समजत होतं. आम्हाला जळगावात कोण होतं? शेजारी. शेजारी मयतीला येतात, खांदा द्यायला भाऊबंद लागतात.

माझं शिक्षण चौथीपर्यंत. नाटक मी त्याआधी जत्रेतच पाहिलेलं होतं, त्यात राजा असायचा आणि शेवटी लग्न व्हायचं. सून टेलिफोनच्या ऑफिसात नोकरीला होती आणि लग्नाआधीपासून नाटकात काम करत होती. हे आम्हाला मुलगी बघताना सांगितलेलं होतं, त्यामुळे तक्रारीला जागा नव्हती. मुलगा पाइपच्या कारखान्यात. तो म्हणाला, "आई, तू आणि ती काय ते ठरवा." पुरुष असं म्हणाला की समजावं, त्याला दोन्हीकडून मार नको आहे.

मी म्हटलं, आधी बघू तरी. नातवाला कडेवर घेऊन तालमीला गेले. ऑफिस सुटल्यावर एका शाळेच्या हॉलमध्ये तालीम चाले. नाटक बसवणारा दाढीवाला, कॉलेजात शिकवायचा. त्याने मला खुर्ची दिली. नाटक असं होतं: घरातले सगळे पुरुष कामासाठी शहरात निघून गेले आहेत. घरात एकटी सून उरली आहे. श्रावण येतो, ती कानबाई मांडते, रोट करते आणि भाऊबंदांची वाट बघत बसते. कोणी येत नाही. ती देवीशी बोलते, भांडते. शेवटी तीन दिवसांची उपाशी ती, नारळाची नथ काढते, नारळ फोडते आणि खाते. एवढंच. कोपऱ्यात पांढऱ्या कपड्यातला एक माणूस सारखा उभा.

मी सुनेला विचारलं, "तो कोण?"

"तो काळ आहे, आई."

"काय करतो?"

"काही नाही. उभा राहतो."

"मग त्याला बसू द्या की. पाय दुखत असतील."

काळ म्हणाला, "सांगा हो मावशी यांना." दाढीवाला हसला, पण काळाला बसू दिलं नाही.

मला नाटक आवडलं असं म्हणणार नाही. खोटं वाटलं नाही, एवढं खरं. तिने एकटीने रोटांचं ताट वाढलं आणि दाराकडे बघत बसली, तेव्हा मला नानांचं वाक्य आठवलं. घरी येताना मी सुनेला म्हटलं, "नाटकातल्या बाईकडे कोणी येत नाही. तुझ्या नाटकाने आपल्याकडेही कोणी येणार नाही."

तिने रिक्षात पोराला माझ्याकडून आपल्या मांडीवर घेतलं. मग म्हणाली, "तुम्ही म्हणाल तर सोडते. पण तुम्ही म्हणा. नाना म्हणतात म्हणून नको."

आता आली पंचाईत. मी सोड म्हटलं असतं तर तिने सोडलं असतं, ती तशीच होती. मी म्हटलं, "नारळ न फोडता नाटक संपत नाही का?"

"नाही."

"मग नानांनाच बघायला बोलव. ऐकलेलं माणसाला जास्त झोंबतं."

नाटकांची स्पर्धा धुळ्यालाच होती, उन्हाळ्याच्या तोंडाला. सुनेने स्वतः जाऊन नानांच्या पाया पडून बोलावलं. ते येतील याची मला खात्री नव्हती. पण त्या दिवशी नाट्यगृहाच्या दारात मी नातवाला घेऊन उभी असताना नाना आले, धुतलेली टोपी घालून. मागे अक्का, म्हणजे माझी थोरली जाऊ, हातात पिशवी.

अक्का मला म्हणाली, "देवी कोठे मांडेल शे?"

"आत, पडद्यामागे. नाटकाची आहे हो, अक्का."

"नाटकाची का होईना, मांडली ना? मग ओटी भराले पाहिजे." आणि पिशवीतला खण-नारळ घेऊन ती आत गेली. तिला अडवणारा माणूस धुळे जिल्ह्यात जन्मला नव्हता. ती परत आली तेव्हा पिशवी पूर्वीइतकीच जड दिसली. मी लक्ष दिलं नाही. पोर किरकिरत होतं.

आम्ही तिसऱ्या रांगेत बसलो. कडेला नाना, त्यांच्या शेजारी अक्का आणि तिच्या पलीकडे मी. पडदा उघडला. चौरंग, समई, उदाचा धूर आणि कानबाई. लाल उजेड सोडला होता. मला तो उगाच वाटला, देवीला आमच्याकडे समईचा उजेड पुरतो. पण बायांवर परिणाम झाला. पुढच्या रांगेतल्या दोघींनी पदर डोक्यावर घेतला. सुनेने कानबाईचं गाणं धरलं तर मागून चार-पाच आवाज तिच्या गाण्यात मिसळले, कोणी सांगितलं नव्हतं. नानांनी पायातल्या चपला काढून खुर्चीखाली सारल्या आणि हात जोडले. मी मनात म्हटलं, हा माणूस हात जोडून बसला आहे, आणि थोड्या वेळाने ती त्याच्यासमोर तेच फोडणार.

नाटक पुढे गेलं. ती वाट बघत बसली, भांडली. "तुला माणसं लागतात, मला नाही का लागत?" असं ती देवीला म्हणाली तेव्हा अक्काने नाक पुसलं. काळ उभाच होता.

मग तिने नथ काढली. खण बाजूला घडी करून ठेवला, हे मात्र नीट केलं. नारळ उचलला. तिने नारळ दगडावर आपटला. फुटला नाही. पुन्हा आपटला. फुटला नाही.

मला कळेना. तालमीत मी पाहिलं होतं, त्यांनी नारळ आधीच तडकवून, पाणी काढून, दोरा बांधून वर हळद लिंपून ठेवला होता. हात लावला की दोन भकलं व्हायची. सूनही गोंधळली, मला तिची मान ओळखू येते. तिसऱ्यांदा आपटला. ठक्क.

अक्का माझ्या कानाशी म्हणाली, "फुटी कसा? चांगला नारय शे तो. मीच ठेवला."

"काय?"

"ओटी भराले गेलू, हात लावा तं नारय दोन ठिकाणी हालना. तडकेल नारय देवीले? पाप लागी. मी नथ काढी, मना नारयले घाली, आन तो तडकेल पिशवीमा शे." म्हणजे नथ तिने आपल्या नारळाला घालून तो देवीच्या जागी बसवला होता आणि तडकवलेला उचलून आणला होता. तिने पिशवी मांडीवर घट्ट धरली, जणू मी काढून घेणार आहे.

मी डोळे मिटले. आता हसं होणार, नाटक पडणार, आणि नानांना कारणही मिळणार. चौथ्यांदा ठक्क. आणि माझ्या रांगेतून मोठ्याने आवाज आला, "शेंडी काढ ना वं पहिले. शेंडी काढ, मंग आपट."

नाना उभे राहिले होते. त्यांनी जन्मभर गावात मारुतीपुढे नारळ फोडले होते. चुकीच्या रीतीने नारळ आपटलेला त्यांना बघवत नव्हता, दुसरं काही नाही. आपण कुठे आहोत, आपण काय म्हणालो होतो, हे त्या घटकेला त्यांच्या डोक्यात नव्हतं.

कोणी हसलं नाही. सुनेने वर बघितलं, आवाज आला तिकडे. मग खाली बसली. नारळ मांडीत घेऊन शेंडी उपटायला लागली. एकेक तूस काढत होती. वेळ लागला, पण तोवर कोणी खोकलं नाही. सगळी शेंडी निघाली तशी नाना म्हणाले, आता हळूच, "हां. डोळ्यांच्या बाजूला नको, मधोमध." तिने मधोमध आपटला. फुटला. पाणी रंगमंचावर सांडलं, तिने हाताने गोळा करून प्यायलं आणि खोबऱ्याचा तुकडा दातांनी तोडून खाल्ला. पडदा पडला.

टाळ्या खूप झाल्या. लोकांना वाटलं, नाना नाटकातलेच आहेत. दाढीवाला धावत आला आणि नानांचे हात धरून म्हणाला, "पुढच्या खेळालाही याल का? हेच एवढं बोलायचं."

नाना म्हणाले, "मी नाटकवाला नही शे, भाऊ. माले केळीले पाणी द्याचं शे."

सून ताटलीत खोबऱ्याचे तुकडे घेऊन बाहेर आली, अजून नाटकातलं लुगडं नेसलेली. तिने ताटली नानांपुढे धरली. नानांनी एक तुकडा घेतला, चावला. म्हणाले, "नारळ गोड आहे. कुठून आणला?"

अक्का पिशवीकडे बघत राहिली. मी म्हटलं, "बाजारातला असेल." खोटं बोलले आणि मला बरं वाटलं.

मुठीचं त्या दिवशी कोणी काढलं नाही. मीही नाही. बक्षीस दुसऱ्याच नाटकाला मिळालं. चार महिने मी वाट बघितली. धुळ्याहून निरोप आला नाही. नातू रांगायला लागला. श्रावणात नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी अक्काचा निरोप आला, पोराला झबलं नवं घाला, गहू निवडून ठेवले आहेत.

आम्ही गेलो. नाना सुपापुढे बसले होते. आपली मूठ काढली, आपल्या मुलांची काढली, माझ्या मुलाची काढली. मग थांबले आणि सुनेला म्हणाले, "पोराला आण इकडे." तिने नातवाला त्यांच्या मांडीत दिलं. नानांनी त्याचा हात धरून गव्हात खुपसला. पोराने मूठ आवळली आणि सोडायला तयार होईना. अक्का म्हणाली, "आजोबावर गयं." सगळे हसले. शेवटी नानांनी एकेक बोट उघडून गहू काढून घेतले आणि वरची पाव मूठ आपल्या हाताने घातली.

दळण होऊन रोट झाले आणि नैवेद्याचा नारळ फोडायची वेळ आली तेव्हा नानांनी तो हातात घेतला, शेंडी काढली आणि सुनेकडे बघून म्हणाले, "असं."

ती म्हणाली, "पाठ झालं, नाना."

त्या दिवशी मी रोट पोटभर खाल्ले आणि दुपारी अक्काच्या ओसरीवर चांगली घोरत झोपले. घोरत होते असं अक्कानेच नंतर सगळ्यांना सांगितलं.