राबाची माती फिश टँकमध्ये

मित्रांनो, आज डोकं फिरलंय.

कॉलेज सोडल्यापासून रेश्मा क्वचित भेटते. "प्लास्टिकच्या झाडांत मासे कैदी वाटतात," ती म्हणाली होती. म्हणून नव्या टँकमध्ये खऱ्या मातीत खरी झाडं लावली. माती सायवनच्या आमच्या शेतातली, राबाची. शेण-पातेरा जाळून भाजलेल्या त्या मातीत भाताची रोपं जोमात येतात, म्हणजे ही पण येणारच.

आज रेश्मा बघायला आली, तर पाणी चहासारखं आणि वास गोठ्याचा.

बाबा म्हणाले, "आता टँकमध्येच भाताची आवणी कर."

चिडून मी बादलीने पाणी उपसायला लागलो. रेश्माने हात धरला. "यात अजून मासे सोडले नाहीस ना? मग राहू दे. पाणी निवळलं की सांग, येईन."

जाणकारांनो, हे पाणी निवळेल का, की माती बदलू? रेश्मा किती थांबेल, माहीत नाही.