एक्क्याऐंशी की एक्क्याण्णव

माझा थोरला भाऊ माधवनगरच्या एका मिलमध्ये मागावर होता. सातवीनंतर त्याची शाळा सुटली, गणिताचं वेड मात्र सुटलं नाही. मी सांगलीत कॉलेजला जायला लागले त्या वर्षी त्यानं मॅट्रिकला बाहेरून बसायचं ठरवलं. फॉर्मही आणून ठेवला.

कापडाच्या गठ्ठ्यावर त्याला एक आकडा दिसला होता : ९,९९,९१९. "मूळ संख्या हाय बघ ही. हिला कशानंच भाग जायाचा न्हाई," असं तो छाती फुगवून सांगे. खात्री करायची तर हजाराच्या आतल्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून बघायला हवं होतं. त्या एकशे अडुसष्ट. मी यादी केली आणि वाचून दाखवली, त्यानं वहीत उतरून घेतली. मागांच्या खडखडाटात राहून त्याला जरा कमी ऐकू यायचं. "काय म्हणलीस गं?" असं त्यानं दहादा विचारलं, तशी मी खेकसले. कॉलेजात जाते याचा तोरा होता मला. पुढं त्यानं विचारलं नाही.

दोन महिने पाळी संपली की तो भागाकार करत बसे. बाकी शून्य एकदाही आली नाही. मग सुट्टीच्या दिवशी धुतलेला सदरा घालून तो माझ्याबरोबर कॉलेजातल्या आमच्या गणिताच्या सरांकडे आला.

सर आकडा बघून हसले. "दहा लाखांतून एक्क्याऐंशी गेले. म्हणजे हजाराचा वर्ग वजा नवाचा वर्ग." त्यांनी फळ्यावर लिहिलं : ९९१ × १००९. संपलं.

दादानं तिथंच वही उघडली. तीत ९९१ नव्हतेच. त्या जागी ९८१ होते, त्यावर काट मारलेली. आकड्यांची बेरीज अठरा, म्हणजे तीननं भाग जातो, म्हणून त्यानं ते सोडून दिले होते.

"तवाच वाटलं मला, ह्यो मूळ कसा," तो हळूच म्हणाला. "पर परत कसं इचारायचं?"

"एक्क्याऐंशी, एक्क्याण्णव, सारखंच वाटतं. त्याला कमी ऐकू येतं, सर," मी म्हणाले. दादानं मान खाली घातली.

घरी येऊन मी माझी यादी काढली. माझ्याच अक्षरात स्वच्छ ९८१ लिहिलं होतं. त्यानं बरोबर ऐकलं होतं. मी तो कागद पेटीच्या तळाशी घातला. मला माझीच किळस आली, तरी घातला.

चार दिवसांनी मी फॉर्मची आठवण करून दिली. "रातच्या क्लासात मास्तर शिकवणार त्ये मला ऐकू आलं पायजे का न्हाई?" तो म्हणाला. राग नव्हता, म्हणून जास्त लागलं. बोलायची वेळ तीच होती. कागद पेटीच्या तळाशीच राहिला.

त्यानं फॉर्म माझ्यापुढं ठेवला. "मागची बाजू कोरी हाय. तुला कच्च्या कामाला व्हईल."

मी त्यावर गणितं केली.