बिनचुलीचं जेवण

वसंतराव गेल्याची बातमी आली तेव्हा मी पालघरच्या माझ्या गवताच्या वखारीत एका तबेलेवाल्याशी दरावरून भांडत होतो. बोईसरच्या वसाहतीतला त्यांचा शेजारी दारातच उभा राहून म्हणाला, "पहाटे गेले. वर्षभर पोटाचं दुखणं होतं, तुम्हाला ठाऊकच असेल." मला ठाऊक नव्हतं. त्याच वर्षात आम्ही काळदुर्गावर जाऊन एकत्र जेवून आलो होतो. महिना झाला, पण ते 'ठाऊकच असेल' मला अजून डाचतं आहे.

ते मूळचे साताऱ्याकडचे. तारापूरला वीज केंद्राचं बांधकाम निघालं तेव्हा नकाशे काढायच्या नोकरीवर आले. डोंगर दिसला की पाय शिवशिवणारा माणूस. काळदुर्गाच्या अंगावरचं गवत मी घेत असे, वाटा मला ठाऊक, म्हणून कुणीतरी त्यांना माझ्याकडे धाडलं. पहिल्याच दिवशी ते पाठीवरच्या पिशवीत पितळी स्टो, तांदूळ आणि बटाटे घेऊन हजर. पायथ्याच्या पाड्यावरची म्हातारी मला म्हणाली, "शेट, तुजा पावना वर काय लगीन लावाया चाललाय?" मला हसू आलं नाही. दिवाळीनंतर तो डोंगर म्हणजे वाळल्या गवताची गंजी. एक ठिणगी पडली की पाड्याची मिळकत आणि माझा धंदा, दोन्ही राख. मी असा ओरडलो की त्यांनी मुकाट्याने स्टो म्हातारीच्या झोपडीत ठेवला आणि विचारलं, "मग जेवायचं काय?"

जेवण माझ्याकडे होतं. वर पोचल्यावर नारळ फोडला, त्याचं पाणी पातळ पोह्यांवर शिंपडलं, ओलं खोबरं, कांदा, मिरची, लिंबू, मीठ घालून ते दडपून ठेवले आणि तोवर काकडी चिरली. सोबत सुकेळी, वसईकडे उन्हात वाळवतात ती गोड केळी. वसंतराव बोटं चाटत राहिले. पुढच्या खेपेपासून ते घरची शेंगदाण्याची चटणी, गूळ आणि डाळ्याचं पीठ आणू लागले. पीठ ताकात तिखट-मीठ घालून कालवायचं. सगळं वर जाऊनच कालवायचं, म्हणून वाटेत काही विटत नसे.

पण खरी चव अदलाबदलीची. पळसाच्या पानांवर दोघांनी आपापला माल मांडायचा आणि सौदा करायचा. सुरुवातीला वसंतराव मी मागेन ते देऊन टाकायचे. माझं डोकं फिरायचं. "अहो, घासाघीस केल्याशिवाय घेतलेलं अंगी लागत नाही." मग शिकले, आणि असे शिकले की एका सुकेळ्यासाठी अडून बसायचे. मी पान उचलून निघायला लागलो की म्हणायचे, "जा शेठ. पण चटणीशिवाय ते पोहे म्हणजे तुमच्या वखारीतला माल." मी परत बसायचो...

या हिवाळ्यात शेवटचं गेलो. चढताना ते मधेमधे बसत होते. "खुर्चीने पाय खाल्ले तुमचे," मी म्हटलं. वर गेल्यावर त्यांनी चटणी, गूळ, सगळ्या पुड्या माझ्याकडे सरकवल्या आणि बदल्यात काकडीची एक फोड मागितली. "आज बाजार पडलाय, शेठ. घ्या." मी खुशीत सगळं घेतलं आणि वर टोमणा मारला, "नोकरदार तो नोकरदारच." ते हसले. फोड बराच वेळ हातातच होती...

मालातली खोट लपवून सौदा करणं आमच्या बाजारात बेइमानी समजतात. वसंतरावांनी ती माझ्याशी केली, हे माझं म्हणणं. तेच सांगायला मी गेल्या आठवड्यात बोईसरला त्यांच्या घरी गेलो.

"सगळ्या वसाहतीला ठाऊक, वहिनी. मलाच का नाही?"

वहिनी म्हणाल्या, "मी म्हटलं होतं, भावजींना सांगा. तर म्हणाले, शेठना कळलं की तेही हळू बोलायला लागतील. डॉक्टर हळू बोलतो, साहेब हळू बोलतात, तूसुद्धा हळू बोलतेस. एक तरी ओरडणारा राहू दे."

पूर्वी आलो की त्या खोलीत माझा आवाज नेहमीच चढायचा, आणि शेजारी ऐकतील म्हणून वहिनी उठून खिडकी लावून घ्यायच्या. "फसवलंत मला, वसंतराव," ते नकाशे काढायचे त्या उतरत्या मेजाकडे बघत मी म्हणालो, चांगलं मोठ्याने. वहिनी जागच्या उठल्या नाहीत.